सगळ्यांसाठी एकच पासवर्ड

या अंकाच्या संपादकांनी फोन करून सांगितलं, "मॅडम, तुमच्या कामातल्या गमतीजमती लिहा. लोकांना दिवाळीत हलकंफुलकं वाचायला आवडतं." मी हो म्हणाले. गमती माझ्याकडं आहेतही. हिंगोलीतल्या एका दवाखान्याचे संगणक मी बावीस वर्षं सांभाळले, त्यात हसण्यासारखं बरंच घडलं. पण लिहायला बसलं की गंमत अर्ध्या पानात संपते आणि मग राग वर येतो. तेव्हा गंमत आधी उरकून घेते.

आधी काम काय ते सांगते. दवाखान्यात संगणक म्हटलं की लोकांना बिलाच्या खिडकीवरचा संगणक आठवतो. माझा संगणक कुणाला दिसत नसे. एक्स-रेच्या शेजारी एक अरुंद खोली होती, तिथं रात्रंदिवस एसी चालू असायचा. त्या खोलीत एक मुख्य संगणक, म्हणजे सर्व्हर. सगळ्या रुग्णांची नावं, तपासण्या, रिपोर्ट त्याच्यात. बाकीचे संगणक त्याच्याकडं मागायचे आणि तो द्यायचा. दवाखान्याची रक्त गोळा करायची तीन छोटी केंद्रं होती: गोरेगावला, औंढ्याला आणि कनेरगाव नाक्याला. पूर्वी या केंद्रांवरचं रक्त जीपनं हिंगोलीला यायचं आणि रिपोर्टचा कागद दुसऱ्या दिवशीच्या जीपनं परत जायचा. कधी कागद भिजायचा, कधी जीपवाला तो सीटखाली विसरायचा.

मग ठरलं की केंद्रावरच्या माणसाला तिथं बसून हिंगोलीच्या सर्व्हरशी बोलता आलं पाहिजे. ही सोय मी उभी केली. दिसायला ती अगदी साधी. काळा पडदा, पांढरी अक्षरं, चित्रबित्र काही नाही. गोरेगावात टाइप केलेलं हिंगोलीत उमटतं आणि हिंगोलीचं उत्तर गोरेगावच्या पडद्यावर येतं. पण असं दूरच्या माणसाला आत घ्यायचं तर दाराशी राखण लागते. त्यासाठी सर्व्हरवर एक प्रोग्राम बसवावा लागतो. तो एकच काम करतो, दारात बसून राहतो. कुणी आलं की आधी विचारतो, तू कोण. मग विचारतो, कशावरून. ओळख पटली तर आत सोडतो आणि वहीत लिहून ठेवतो की अमुक नावाचा माणूस, अमुक यंत्रावरून, अमुक वाजता आला. दोघांमधलं बोलणं तो असं गुंडाळून पाठवतो की मधल्या तारेवर कुणी कान लावला तरी त्याला नुसता कचरा ऐकू येतो.

हे सगळं मी पुस्तकातून आणि चुकांतून शिकले. माझे वडील रेल्वेत गँगमन होते, रूळ तपासत पायी चालायचे. घरात संगणक कुणी पाहिलेला नव्हता. पहिल्यांदा गोरेगावचा पडदा हिंगोलीत बसून माझ्या हुकमानं हलला, त्या दिवशी मी दवाखान्यातून घरी चालत गेले. रिक्षात बसावंसं वाटलं नाही इतका आनंद झाला होता.

आता गंमत. दारावरच्या राखणदाराचे नियम एका कागदात लिहिलेले असतात. नियम बदलले की त्याला एकदा उठवून परत बसवायचं. गोरेगावच्या संगणकावरही असाच राखणदार होता, म्हणजे मला इथूनच तो दुरुस्त करता यायचा. एक दिवस मी हिंगोलीत बसून गोरेगावचे नियम बदलले, एक अक्षर चुकलं, आणि राखणदाराला उठवलं. तो उठला तो परत बसलाच नाही. दार बंद, आत कुणी नाही आणि मी बाहेर. सेनगावमार्गे जीपनं गोरेगाव गाठलं. मांडीवर कुणाची तरी कोथिंबिरीची पेंडी होती. केंद्रावर बबनराव होते, रक्त घेण्यात हात हलका आणि संगणकाच्या बाबतीत पक्के संशयी. त्यांनी चहा पुढं केला अन् म्हणाले, "म्हंजे मॅडम, कुलूप तुमीच लावलं अन् भायेर बी तुमीच राहिल्या."

त्या दिवसापासून नियम बदलताना मी एक जोडणी कायम उघडी ठेवते. नवीन दार उघडतंय याची खात्री झाल्याशिवाय जुन्यातून बाहेर पडत नाही. या धंद्यात येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिली गोष्ट हीच सांगते. गंमत संपली.

आता राग.

सोय उभी केली तेव्हा मी अकरा माणसांची अकरा नावं केली होती. लॅबमधली वर्षा वेगळी, बबनराव वेगळे, प्रत्येक डॉक्टर वेगळा. ज्याचं जेवढं काम तेवढंच त्याला दिसेल. केंद्रावरच्या माणसाला फक्त आपल्या केंद्राचे रिपोर्ट, तेही डॉक्टरांनी मोकळे केल्यावर. चार दिवस खपून मी हे बसवलं. पासवर्डच्या जागी प्रत्येकाला किल्ली द्यायचंही ठरवलं होतं. ही किल्ली म्हणजे एक फाइल. तिचा जोडीदार असलेलं कुलूप सर्व्हरवर लावायचं आणि किल्ली त्या माणसाच्या संगणकात ठेवायची. कुलूप जगानं पाहिलं तरी बिघडत नाही. किल्ली मात्र कुणाला द्यायची नाही. पासवर्ड चिठ्ठीवर लिहिता येतो, फोनवर सांगता येतो, मागं उभं राहून पाहता येतो. किल्लीचं तसं नसतं.

पहिल्या आठवड्यात बबनराव आपला पासवर्ड दोनदा विसरले. औंढ्याच्या मुलीचं नाव लिहिताना अक्षर चुकलं आणि तिला तासभर आत जाता आलं नाही. आमच्या व्यवस्थापकांनी मला बोलावलं. त्यांचं नाव लिहीत नाही, लिहिलं तर हा अंक छापणाऱ्यांना तकलीफ होईल. ते म्हणाले, "मॅडम, हे काय लावलंय? सगळ्यांसाठी एकच पासवर्ड ठेवा. आपण काय बँक आहोत का?"

मी म्हणाले, "साहेब, मग कोण आत आलं ते कळणार नाही."

"आपलीच माणसं आहेत सगळी. कळायचंय काय त्यात?"

मी एकदा नको म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणाले नाही. माझी नेमणूक अकरा महिन्यांची असे आणि ती पुढं चालू ठेवायचा कागद त्यांच्या सहीनं निघे. हे कारण आहे, सबब म्हणून सांगत नाही. अकराही नावं मी पुसली आणि एकच नाव केलं: लॅब. पासवर्ड दवाखान्याचं नाव आणि पुढं एक दोन तीन. प्रत्येकाला चिठ्ठीवर लिहून दिला. व्यवस्थापकांच्या खोलीतल्या संगणकावर तर मी स्वतः जाऊन जोडणी करून दिली. ते म्हणाले, "बघा, किती सोपं झालं." खरंच सोपं झालं होतं. कुणीही कुणाचाही रिपोर्ट पाहू शकत होतं. वहीत मात्र प्रत्येक ओळीला एकच माणूस आत यायचा, लॅब.

यानंतर वर्षभरानं घडलेली ही गोष्ट आहे. जिच्या बाबतीत ती घडली तिला मी इथं सुमन म्हणते. तिचं खरं नाव लिहिणार नाही आणि गावही लिहिणार नाही. गोरेगावच्या पलीकडचं एक गाव, एवढं पुरे. नवरा-बायको दोघं शेळ्या-मेंढ्या राखायचे. थोडी जमीन होती. सुमनच्या पोटात दुखायचं, ऑपरेशन करावं लागेल असं आमच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. ऑपरेशनच्या आधी ज्या तपासण्या करतात त्या करायला मंगळवारी सकाळी बबनरावांनी तिचं रक्त घेतलं. जीपनं ते दुपारी हिंगोलीला आलं. वर्षानं तपासलं आणि रिपोर्ट सर्व्हरवर चढवला.

त्या रिपोर्टात काय होतं, हे मी सांगणार नाही. एका आजाराचं नाव होतं, जे ऐकल्यावर लोक मागं सरकतात. तो रिपोर्ट पुढं खरा ठरला की खोटा, तेही सांगणार नाही. वाचणाऱ्याला उत्सुकता वाटत असेल तर वाटू द्या. तो कागद तिचा आहे.

डॉक्टरांनी नियमाप्रमाणे केलं. गुरुवारी नवऱ्याला घेऊन ये, असा निरोप बबनरावांकरवी धाडला. दार लावून, समोर बसवून, नीट समजावून सांगायचं होतं. पुढची तपासणी कुठं करायची, औषध कुठं मिळतं, हे सगळं.

गुरुवारी दोघं आले. खिडकीवर त्यांनी काहीतरी विचारलं, खिडकीवरच्यानं बाकावर बसा म्हणून सांगितलं. सुमन बाकावर बसली नाही. माझ्या खोलीच्या दाराखालून एसीची गार हवा येई, तिथं उन्हाळ्यात कुणी ना कुणी टेकलेलं असायचंच. तिथं ती येऊन बसली. मी दार उघडलं तेव्हा ती उठून उभी राहिली.

"ते कम्पुटरवाल्या बाई तुमीच का?"

"व्हय, मीच."

"बबनभाऊनं सांगितलं, समदं तुमच्या कम्पुटरात राहतं म्हून. मंग मला सांगा ताई. डाक्टर मला आज सांगनार व्हते. गावाला काल कसं कळलं?"

मला काही उमगेना. मी विचारलं, "काय कळलं गावाला?"

तिनं आवाज खाली घेतला. नवरा दोन हात लांब भिंतीकडं तोंड करून उभा होता. ती म्हणाली, "काल दळण घेऊन गेले गिरणीवर. गिरणीवालीनं डबा हातात घेतलाच न्हाई. म्हणली, इथं ठेवू नको. काहून म्हणलं, तर म्हणती तुला माहीत. मला काय माहीत? मला काहीच माहीत नव्हतं. मंग एका बाईनं रस्त्यात सांगितलं, तुला असं असं झालंय म्हून. माझा रिपोट मला रस्त्यात कळला ताई."

मी तिला खुर्ची दिली. ती बसली नाही. म्हणाली, "लेकराला शाळेत कोनाच्या शेजारी बसवंना गेले. ते इचारून राहिलं, आई मी काय केलं."

मी तिला घेऊन डॉक्टरांकडं गेले. डॉक्टरांनी तिच्याकडून सगळं ऐकून घेतलं. त्यांनी व्यवस्थापकांना कळवलं. पुढच्या दहा मिनिटांत निकाल लागला. व्यवस्थापकांनी वर्षाला बोलावलं आणि माझ्यासमोर, डॉक्टरांसमोर सांगितलं, "रिपोर्ट तू केलास, तूच बाहेर सांगितलंस. उद्यापासून येऊ नकोस."

वर्षा म्हणाली, "साहेब, मी त्या गावात कुणालाच ओळखत नाही. मी कधी गोरेगावच्या पुढं गेलेली नाही."

"मग कोणी सांगितलं? भिंतीनं?"

"मला नाही माहीत साहेब. पण मी नाही."

व्यवस्थापक डॉक्टरांकडं वळून म्हणाले, "असले लोक भरले की असंच होणार. मी तेव्हाच म्हणालो होतो." मग त्यांचं माझ्याकडं लक्ष गेलं आणि ते थांबले. असले म्हणजे कसले, हे त्या खोलीत सगळ्यांना कळलं. वर्षाच्या घरात आणि माझ्या घरात भिंतीवर एकच तसबीर आहे.

मी खोलीत परत आले आणि वह्या उघडल्या. दोन वह्या असतात. एक दारावरच्या राखणदाराची, कोणत्या यंत्रावरून कोण कधी आला ते सांगणारी. दुसरी रिपोर्टच्या प्रोग्रामची, कोणता रिपोर्ट कधी उघडला ते सांगणारी. दोन्ही शेजारी ठेवून वेळा जुळवायच्या. सुमनचा रिपोर्ट मंगळवारी तीनदा उघडला होता. तीन वीसला लॅबमधल्या यंत्रावरून, ती वर्षा. पावणेचारला डॉक्टरांच्या खोलीतून. आणि पाच वाजून दहा मिनिटांनी तिसऱ्या एका यंत्रावरून. तिन्ही ओळींत नाव एकच, लॅब. पण यंत्रांना क्रमांक असतात आणि ते क्रमांक मीच वाटले होते. तिसरा क्रमांक व्यवस्थापकांच्या खोलीचा होता.

आधी वाटलं, आपण चुकतोय. परत वाचलं. त्याच्या आधीच्या ओळीत त्याच यंत्रावरून एक शोध घेतलेला होता. शोधायच्या जागी रुग्णाचं नाव नव्हतं. गावाचं नाव होतं.

आमच्याकडं कौसाबाई नावाच्या मावशी होत्या. वॉर्डातलं काम करायच्या आणि साहेबांच्या खोलीत चहा न्यायच्या. मी त्यांना माझ्या खोलीत बोलावून विचारलं, "मावशी, मंगळवारी पाचच्या सुमाराला साहेबांकडं कोण होतं?"

"पाव्हने व्हते. तिकडलेच, सेनगावच्या अंगाचे. दोन चहा नेला मी."

"काय चाललं होतं?"

"साहेब त्यायला कम्पुटर दाखवून राहिले व्हते. म्हणले, इथं बसून गोरेगावचं समदं दिसतं. तुमच्या गावचं कोनी आलं का पाहू म्हणले. मंग नाव आलं. पाव्हने म्हणले, ही तर आमच्या आळीतली. अन् वाकून वाचाया लागले. मला वाटलं, दवाखान्याचं काम असंल."

कुणाचं वैर असतं, कुणी पैसे खाऊन कागद विकला असता, तर निदान राग ठेवायला जागा तरी मिळाली असती. इथं तसलं काहीच नव्हतं. एका माणसाला पाहुण्यासमोर मिरवायचं होतं. आपला दवाखाना किती पुढं गेलाय हे दाखवायला हाताशी काय होतं, तर एका बाईचं रक्त. आणि मिरवायची सोय मी स्वतः त्यांच्या टेबलावर जोडून दिली होती.

दोन्ही वह्यांची पानं छापून घेऊन मी त्यांच्या खोलीत गेले. त्यांनी चष्मा लावून शांतपणे पाहिली.

"यात माझं नाव कुठंय?"

"नाव नाही साहेब. यंत्र तुमच्या खोलीतलं आहे."

"माझ्या खोलीत दिवसभर लोक येतात जातात. लॅब म्हणजे मी का? मी लॅबमध्ये काम करतो का?" त्यांनी कागद माझ्याकडं सरकवले. "आणि मॅडम, या असल्या नोंदी जागा खात असतील ना? महिन्याच्या महिन्याला साफ करत जा. आजच करून टाका."

त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता. वर्षभरापूर्वी याच खुर्चीत बसून त्यांनी विचारलं होतं, कळायचंय काय त्यात. आता त्याच एका नावाआड ते आरामात बसले होते. मी कागद उचलले आणि बाहेर आले. त्या दिवशी मला स्वतःचा जेवढा राग आला, तेवढा त्यांचाही आला नाही. त्यांचा नंतर आला, तो अजून आहे.

नोंदी मी साफ केल्या नाहीत. त्यांची एक प्रत वेगळ्या जागी ठेवली. मग दार आतून लावून कामाला बसले. एक जोडणी उघडी ठेवली. राखणदाराच्या नियमांत लिहिलं, पासवर्डनं कुणालाही आत घ्यायचं नाही. मालकाच्या नावानं, म्हणजे ज्या एका नावाला सर्व्हरवर काहीही करता येतं त्या नावानं, बाहेरून कुणालाही आत घ्यायचं नाही. फक्त ज्यांचं कुलूप लावलेलं आहे त्यांनाच. लॅब हे नाव बंद केलं. अक्षर अन् अक्षर तीनदा वाचलं आणि राखणदाराला उठवून बसवलं. दुसऱ्या जोडणीतून माझ्या किल्लीनं आत जाऊन पाहिलं, दार उघडलं. मग पहिली बंद केली.

पाच मिनिटांत फोन सुरू झाले. औंढा, कनेरगाव नाका, वरचा मजला. प्रत्येकाला मी सांगितलं, तुमचा संगणक चालू ठेवा, तुमची किल्ली करून देते, तोवर रिपोर्ट कागदावर घ्या. बबनरावांनी विचारलं, "मॅडम, सुमनचं ते आपल्या इथून गेलं का?" मी म्हणाले, नाही, तुमच्याकडून नाही. मग ते म्हणाले, "मंग माझी किल्ली कितीबी अवघड करा. विसरनार न्हाई." किल्ली विसरायची नसतेच, ती संगणकातच राहते, पण ते मी त्यांना सांगत बसले नाही.

तासाभरानं व्यवस्थापक स्वतः माझ्या खोलीत आले. बावीस वर्षांत ते त्या खोलीत आलेले मी एवढं एकदाच पाहिलं.

"उघडा ते," ते म्हणाले.

"साहेब, तुमची किल्ली तुमच्या नावानं करून देते. लगेच होईल. तिनं तुम्ही जे उघडाल ते तुमच्या नावानं लिहिलं जाईल."

"मी व्यवस्थापक आहे. मला कशाला पाहायचेत लोकांचे रिपोर्ट?"

"मीही तेच म्हणतेय साहेब."

ते आल्या पावली परत गेले. किल्ली त्यांनी मागितली नाही, त्यानंतरही कधी मागितली नाही.

दहा दिवसांनी विश्वस्तांची बैठक झाली. मी कागद मांडले. यंत्राचा क्रमांक म्हणजे काय, वही कशी वाचायची, हे समजावायला अर्धा तास गेला. एका विश्वस्तानं विचारलं, "पण मॅडम, यात नाव तर एकच दिसतं." मला परत सांगावं लागलं की नाव एकच का आहे आणि ते कुणाच्या सांगण्यावरून झालं. व्यवस्थापक म्हणाले, "लेखी काही आहे का तसं?" लेखी काही नव्हतं. मी लेखी मागितलंच नव्हतं. या नोकरीत मी केलेली सगळ्यात मोठी चूक गोरेगावच्या त्या अक्षराची नाही, ही आहे.

मग कौसाबाईंना बोलावलं. मी त्यांना आधी विचारलं होतं, सांगाल का म्हणून. त्या हो म्हणाल्या होत्या. त्यांनी पदर आवळून जे पाहिलं तेवढंच सांगितलं, दोन चहा, पाव्हने, कम्पुटर, नाव. एक शब्द वाढवला नाही. अध्यक्षांनी त्यांना जायला सांगितलं आणि टेबलावरचे कागद गोळा केले.

निकाल असा झाला. व्यवस्थापकांना समज देण्यात आली. वर्षाच्या बाबतीत गैरसमज झाला होता असं बैठकीच्या कागदावर लिहिलं आणि तिला परत घेतलं. माफी तिची कुणी मागितली नाही. ती परत आली, आठवडाभर मान खाली घालून काम केलं आणि एक दिवस येऊन म्हणाली, "ताई, मी नांदेडला एका लॅबमध्ये विचारून आले. इथं हात चालत नाहीत माझे." मी तिला थांब म्हणाले नाही. कौसाबाईंना पुढच्या महिन्यात वॉर्डातून काढून धुण्याच्या खोलीत टाकलं. साहेबांच्या खोलीत चहा दुसरं कुणी न्यायला लागलं. त्यांना मी बोलायला लावलं होतं. त्या मला कधी काही म्हणाल्या नाहीत, भेटल्या की नेहमीसारखं "जेवल्या का" विचारायच्या, आणि ते मला जास्त लागायचं. पाहुण्यांना तर कुणी काही विचारलंच नाही. ते अजूनही गावात मानानं फिरतात. व्यवस्थापक निवृत्त झाले तेव्हा शाल-नारळ देऊन त्यांचा सत्कार झाला आणि 'दवाखान्याला संगणकयुगात नेणारे' असं त्यांच्या मानपत्रात लिहिलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं. मी दुसऱ्या रांगेत बसले होते. टाळ्या वाजवल्या नाहीत, एवढंच केलं. उठून काही बोलले नाही.

सुमनचं ऑपरेशन आमच्याकडं झालं नाही. ती परत आलीच नाही. कनेरगाव नाक्याजवळ तिच्या भावाचं घर आहे, तिकडं ते सगळे शेळ्या घेऊन गेले असं बबनरावांकडून कळलं. मेंढ्या विकल्या म्हणे.

सातआठ महिन्यांनी एका सकाळी ती माझ्या दारात उभी. अंगानं बरी दिसली. मी आत बोलावलं. या वेळी ती खुर्चीत बसली.

"एक काम व्हतं ताई. माझं नाव काढा त्यातून."

"कशातून?"

"ह्या कम्पुटरातून. पुसून टाका."

मी तिला समजावलं. म्हणाले, रुग्णाचे कागद ठेवावे लागतात, तसा नियम आहे, मला पुसता येत नाहीत. पण आता ते बंद आहेत. मी तिला पडद्यावर तिच्या रिपोर्टची वही काढून दाखवली. तिला वाचता येत नव्हतं म्हणून बोट ठेवून सांगितलं. इथून इथपर्यंत, त्या मंगळवारानंतर, कुणीही उघडलेलं नाही. डॉक्टर सोडून कुणाला उघडताच येत नाही. उघडलं तर त्याच्या स्वतःच्या नावानं इथं ओळ उमटते. मी हे सगळं जरा अभिमानानंच सांगितलं असेल. माझं काम होतं ते.

तिनं पडद्याकडं नीट पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं.

"त्या टायमाला मी तुमाला इचारलं असतं," ती म्हणाली, "रगत द्यायच्या आधी, का ताई माझं नाव नीट राहील ना म्हून. तर तुमी काय म्हणल्या असत्या?"

तिच्याशी खोटं बोलायची माझी हिंमत झाली नाही.

"नीट राहील म्हणाले असते," मी म्हणाले.

"बराबर," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. ती उठली, पिशवी खांद्याला लावली आणि कनेरगावकडं जाणारी गाडी आता कुठून मिळेल ते विचारलं. मी तिच्याबरोबर फाटकापर्यंत गेले. गाडी उभीच होती. ती पुढच्या दारानं चढली आणि खिडकीची जागा सोडून आतल्या बाजूला, बाहेरून कुणाला दिसणार नाही अशी जाऊन बसली.